चाळीस लाख, एक गिफ्ट लेटर आणि न्यू जर्सीचं अपील

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याच्या एका निवृत्त गृहस्थांची मुलगी न्यू जर्सीत राहते. तिच्या घटस्फोटाचा निकाल २४ दिवसांपूर्वी लागला. २०१७ मध्ये मुलगी-जावयाने तिथे घर घेतलं तेव्हा या गृहस्थांनी ४० लाख रुपये पाठवले होते. कोर्टाने ती रक्कम भेट धरली आणि घर विकून येणारे पैसे दोघांत निम्मे वाटायला सांगितले. गृहस्थांचं म्हणणं, पैसे उसने दिले होते आणि जावई साक्षीत धडधडीत खोटं बोलला. ते विचारतात: ‘अपिलात सगळा पुरावा पुन्हा मांडता येईल ना? तिथे नाही जमलं तर स्टेट सुप्रीम कोर्ट, तिथेही नाही तर वॉशिंग्टन, म्हणजे अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट. आमचा जमिनीचा दावा मी खाली हरलो होतो, जिल्हा न्यायालयात जिंकलो. मग इथे का नाही?’

काका, आधी मुदतीचं बोलतो, कारण बाकी सगळं वाचायला वेळ आहे आणि त्याला नाही. न्यू जर्सीत अंतिम निकालापासून ४५ दिवसांत अपिलाची नोटीस दाखल व्हावी लागते. त्यातले २४ गेले, २१ उरले. सबळ कारण दाखवलं तर ३० दिवसांपर्यंत वाढ मिळू शकते, पण ती गृहीत धरून कोणी थांबू नये. त्याच जज्जकडे फेरविचाराचा अर्ज करायची मुदत २० दिवसांची होती. मुलीच्या वकिलाने तो वेळेत दिला असेल तर ४५ दिवसांचं घड्याळ तिथेच थांबलेलं असेल. दिला नसेल तर ते चालू आहे. आणि नुसती अपिलाची नोटीस दिल्याने घराची विक्री थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, तीही आधी त्याच जज्जकडे.

आता तुमच्या साताऱ्याच्या दाव्याकडे येतो, कारण तुमचा सगळा अंदाज तिथून आलाय.

मी न्यू जर्सीत वकिली सुरू करण्याआधी काही वर्षं आपल्याकडची कोर्टं पाहिली आहेत, त्यामुळे तुमचं चुकतंय कुठे ते मला लगेच कळलं. दिवाणी न्यायाधीशाने दावा फेटाळला, तुम्ही जिल्हा न्यायालयात पहिलं अपील केलं. तिथे जिल्हा न्यायाधीशाने सातबारा, फेरफार, साक्षीदारांची उलटतपासणी, सगळं नव्याने वाचलं आणि निकाल फिरवला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खालचं अपील असंच असतं. कायदा आणि वस्तुस्थिती दोन्ही तिथे खुली असते. सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये ‘संतोष हजारी’ प्रकरणात एवढंच बजावलं की खालचा निष्कर्ष फिरवताना त्याच्या कारणांना सरळ भिडा, वरवर फिरवू नका. पण फिरवायचा अधिकार आहेच.

मग समोरच्या पार्टीने हायकोर्टात दुसरं अपील केलं असणार आणि ते दाखल होण्याच्या टप्प्यावरच फेटाळलं गेलं असणार. बरोबर? कलम १०० मध्ये १९७६ च्या दुरुस्तीनंतर अट आली की कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न निघत असेल तरच दुसरं अपील. जिल्हा न्यायाधीशाने साक्षीदारावर विश्वास ठेवला, हा तसा प्रश्न होत नाही. (साताऱ्याचं असलं काम आता मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातं. तुमच्या वेळी असतं तर एसटीचं भाडं वाचलं असतं.)

न्यू जर्सीतलं पहिलं अपील हे साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयासारखं नाही. त्याचा स्वभाव तुमच्या विरोधकाच्या त्या दुसऱ्या अपिलाच्या जवळ जातो. नाव ‘पहिलं’, वागणूक दुसऱ्याची. तिथलं अपील कोर्ट ‘कोण खरं बोलत होतं’ हे विचारत नाही. ‘जज्जला असं म्हणायला पुराव्यात आधार होता का’ एवढंच विचारतं. हे दोन प्रश्न ऐकायला जवळचे वाटतात, पण पहिल्याचं उत्तर तुमच्या बाजूने असूनही दुसऱ्यावर तुम्ही हरू शकता. बहुतेक लोक तिथेच हरतात.

याला तिथले वकील ‘स्टँडर्ड ऑफ रिव्ह्यू’ म्हणतात. मी मोजपट्टी म्हणतो. गंमत अशी की एकाच निकालाच्या वेगवेगळ्या वाक्यांना वेगवेगळ्या मोजपट्ट्या लागतात. न्यू जर्सीत घटस्फोटाच्या मालमत्तेची वाटणी तीन पायऱ्यांनी होते: काय वाटायचं ते ठरवा, त्याची किंमत ठरवा, मग न्याय्य वाटा ठरवा. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये ‘रॉथमन’ निकालात घालून दिलेली ही शिस्त आहे. घराची किंमत किती, याला ‘पुरेसा विश्वासार्ह पुरावा होता का’ ही मोजपट्टी. निम्मे-निम्मे की साठ-चाळीस, हा जज्जचा विवेकाधिकार. तो निकाल सारासार विचार सोडून असेल, रुळलेली पद्धत कारण न देता मोडली असेल किंवा विचारात घेऊ नये अशा गोष्टीवर उभा असेल तरच वरचं कोर्ट हात घालतं. आणि एखादी वस्तू वाटणीत येतेच का, यात कायद्याच्या कलमाचा अर्थ लावायचा असेल तर वरचं कोर्ट खालच्या जज्जचं काहीही मानायला बांधील नसतं. ते पाटी कोरी धरून बघतं.

म्हणून अपिलाचा वकील निकालपत्र हातात आलं की आधी प्रत्येक परिच्छेदासमोर समासात लिहितो: वस्तुस्थिती, विवेक, कायदा. मी पेन्सिलीने लिहितो, कारण दुसऱ्या वाचनात निम्मे शेरे बदलतात.

तुमच्या तक्रारीतला सगळ्यात मोठा भाग, म्हणजे जावई खोटं बोलला, हा शुद्ध वस्तुस्थितीचा मुद्दा आहे. तिथे पाया आहे ‘रोव्हा फार्म्स’ हा १९७४ चाच निकाल. त्या राज्यात त्याचं नाव न घेता अपिलाचा एकही मसुदा पुरा होत नसावा. गोष्ट घटस्फोटाची नाही. रोव्हा फार्म्स हे रशियन स्थलांतरितांचं एक विश्रामस्थळ. तिथल्या तळ्यात उथळ पाण्यात सूर मारून एक जण कायमचा जायबंदी झाला. विमा होता ५० हजार डॉलरचा, ज्यूरीने भरपाई दिली सव्वादोन लाखांची. विमा कंपनीने वेळेत मर्यादेच्या आत तडजोड केली असती तर वरचा बोजा आमच्यावर आला नसता, असं म्हणत रोव्हाने कंपनीवर दावा लावला. ज्यूरीशिवाय बसलेल्या जज्जने कंपनीची नियत खोटी ठरवली, मधल्या अपील कोर्टाने ते फिरवलं, आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मधल्यांना सांगितलं की जज्जच्या निष्कर्षाला पुरेसा, ठोस, विश्वासार्ह पुरावा असेल तर तुम्ही त्यात पडू नका. तुम्हाला वेगळं वाटलं असतं हे कारण पुरत नाही. निष्कर्ष इतका चुकीचा हवा की तसाच राहिला तर न्यायच नाकारल्यासारखं होईल.

कौटुंबिक कोर्टाच्या बाबतीत ही भिंत आणखी उंच आहे. १९९८ च्या ‘सेझारे’ निकालात त्याच कोर्टाने म्हटलं की या जज्जना त्या विषयाचा खास अनुभव असतो, त्यांच्या निष्कर्षांचा मान जास्तच राखायचा.

तुम्ही म्हणाल, जज्जने साक्षीदाराचा चेहरा पाहिला म्हणून त्याला मान, हे समजलं. पण आज सगळं रेकॉर्ड होतं, वरच्यांनी ते ऐकावं. हा युक्तिवाद करून झालाय. २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने एका निकालात सूचित केलं होतं की खालच्या जज्जने फक्त व्हिडिओ पाहून निष्कर्ष काढला असेल तर वरचे न्यायाधीश तोच व्हिडिओ पाहून आपलं मत बनवू शकतात. तर्काला धरूनच होतं ते. डोळे सगळ्यांना सारखेच. २०१७ मध्ये ‘स्टेट विरुद्ध एस. एस.’ या प्रकरणात कोर्टाने मागे वळून सांगितलं: नाही, व्हिडिओ असला तरी मान खालच्या जज्जलाच. कारण चेहरा पाहण्यापुरतं हे नसतंच. वस्तुस्थिती ठरवणं हे त्याचं रोजचं काम आहे. आणि एकच व्हिडिओ पाहून दोन समंजस माणसं दोन निष्कर्ष काढू शकतात, तेव्हा वरच्यांचा निष्कर्ष केवळ वर बसलेत म्हणून जास्त खरा कसा? हा निकाल मला आवडतो असं नाही, माझ्या अशिलांना त्याचा तोटाच झाला आहे. पण त्यातला प्रामाणिकपणा मान्य करावा लागतो.

शिवाय तुमच्या मुलीच्या प्रकरणात व्हिडिओ असण्याची शक्यता कमी. तिथल्या बऱ्याच कोर्टरूममध्ये टंकलेखन करणारा माणूसही बसत नाही, फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग होतं. त्यावरून नंतर पैसे भरून ट्रान्सक्रिप्ट करून घ्यायचं. एकदा माझ्या हातात आलेल्या ट्रान्सक्रिप्टमध्ये नेमक्या कळीच्या प्रश्नानंतर उत्तराच्या जागी ‘ऐकू येत नाही’ असा शेरा होता. साक्षीदाराने मान हलवली होती की खांदे उडवले होते, कोण सांगणार? समोरच्या वकिलाने ‘कृपया तोंडाने उत्तर द्या’ म्हटलं नाही, आमच्यानेही म्हटलं नाही. अपिलात ते उत्तर अस्तित्वातच नव्हतं.

आता गिफ्ट लेटर. तुम्ही त्याचा उल्लेख प्रश्नात अगदी ओघात केलाय, ‘बँकेने काहीतरी सही मागितली होती ती दिली’ असा. काका, तुमच्या प्रकरणात तोच सगळ्यात वजनदार कागद आहे.

अमेरिकेत घरासाठी कर्ज घेताना सुरुवातीची रक्कम आईवडिलांकडून आली तर बँक एक पत्र मागते. त्यात देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, नातं, रक्कम, घराचा पत्ता, आणि एक वाक्य: ही भेट आहे, परतफेडीची अपेक्षा नाही. कर्जदाराच्या डोक्यावर लपलेलं आणखी एक कर्ज नाही याची बँकेला खात्री हवी असते. आपल्याकडचे शेकडो आईबाप या पत्रावर सही करतात आणि मनात मात्र ‘पोरं देतील परत सावकाश’ असं असतं. घरात तसं बोलणंही झालेलं असतं. पण जज्जसमोर एका बाजूला तुमची सही असलेलं पत्र आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या मुलीचं ‘बाबांनी उसने दिले होते’ हे वाक्य. त्याने पत्र धरलं. याला पुराव्यात आधार नाही असं म्हणणारं अपील कोर्ट मला तरी माहीत नाही.

आणि एक सावधगिरी, जरा कटू आहे. ते पैसे खरंतर कर्जच होते असं आज प्रतिज्ञापत्रावर लिहून देणं म्हणजे बँकेला तेव्हा खोटं लिहून दिलं असं कबूल करणं. कर्ज मिळवण्यासाठी बँकेला जाणूनबुजून खोटं सांगणं हा तिथे फेडरल गुन्हा आहे. रागाच्या भरात काही लिहून पाठवू नका. मुलीच्या वकिलाला विचारल्याशिवाय तर अजिबात नाही.

म्हणजे अपील करूच नये का? तसं मी म्हणत नाही. ‘भेट की कर्ज’ हा मुद्दा सोडून द्या, असं म्हणतोय. त्याच्या शेजारी दुसरा मुद्दा उभा आहे, त्याच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही: भेट होती हे मान्य, पण कोणाला?

न्यू जर्सीच्या कायद्यात लग्नाच्या काळात मिळवलेली मालमत्ता वाटणीत येते, पण तिसऱ्या माणसाकडून एका जोडीदाराला भेट मिळालेली मालमत्ता त्यातून वगळलेली आहे. वडिलांनी फक्त मुलीला दिलेली रक्कम ही त्या अपवादात बसू शकते. ती वगळायला हवी हे सिद्ध करायचा भार मात्र वगळा म्हणणाऱ्यावर, म्हणजे तुमच्या मुलीवर. हाही १९७४ चा, ‘पेंटर’ नावाचा निकाल. (त्या एका वर्षाने न्यू जर्सीच्या वकिलांची अर्धं शतकभर सोय केली.) समोरची बाजू म्हणेल की पैसे दोघांच्या नावच्या घरात घातले तिथेच ते दोघांचे झाले. तो युक्तिवाद हलका नाही, बऱ्याचदा चालतो. तरीही ती रक्कम कुठून आली, कोणाचं योगदान किती, हे वाटणी ठरवताना जज्जने लक्षात घ्यावं असं कायदा सांगतो. आणि ज्यूरीशिवाय चाललेल्या खटल्यात जज्जने आपले निष्कर्ष आणि कारणं मांडलीच पाहिजेत असा नियम आहे. सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये बजावलं की नुसता उघडा निष्कर्ष सांगून हे कर्तव्य पुरं होत नाही.

तेव्हा निकालपत्रात पहा. जज्जने ‘ही भेट होती’ एवढं म्हणून लगेच ‘सबब निम्मे’ असं लिहिलंय का? भेट कोणाला, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला दिसतो का? दिसत नसेल तर मोजपट्टी बदलते. पुरावा तोच, माणसं तीच, पण तक्रार ‘त्याने चुकीच्या माणसावर विश्वास ठेवला’ इथून ‘त्याने कायद्याने विचारायचा प्रश्न विचारलाच नाही’ इथे सरकते. पहिलीला अपील कोर्टात दार जेमतेम किलकिलं, दुसरीला बऱ्यापैकी उघडं. अशा अपिलात बहुधा तुम्ही ‘जिंकत’ नाही. प्रकरण त्याच जज्जकडे परत जातं, कारणं नीट लिहा म्हणून. कधी नवी कारणं लिहून निकाल तोच येतो. कधी नाही.

पण इथे एक अडसर आहे आणि तो तुमच्या हातात नाही. हा मुद्दा खाली मांडला होता का?

अपील कोर्टाचा जुना दंडक आहे की संधी असून खाली उठवला नाही तो मुद्दा सहसा वर ऐकायचा नाही. अधिकारक्षेत्राचा किंवा मोठ्या लोकहिताचा असेल तर गोष्ट वेगळी, पण कौटुंबिक मालमत्तेचा मुद्दा त्यात बसणं कठीण. ‘प्लेन एरर’ नावाची एक खिडकी आहे, म्हणजे हरकत घेतली नसली तरी चूक अशी की अन्याय घडवायला उघडपणे समर्थ असावी. फौजदारी प्रकरणांत ती खिडकी अधूनमधून उघडते, दिवाणीत फार क्वचित. मुलीच्या वकिलाने पूर्ण खटला ‘कर्ज, कर्ज आणि कर्ज’ या एकाच पायावर चालवला असेल आणि ‘कर्ज नसेल तर निदान फक्त हिलाच दिलेली भेट’ असं कुठेही म्हटलं नसेल, तर पंचाईत आहे. अशिलाला पर्यायी बाजू मांडलेली आवडत नाही, हे मला माहीत आहे. त्याला वाटतं आपला वकीलच आपल्यावर विश्वास ठेवत नाही. पण चांगला वकील ती मांडतो.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत भागीदारीच्या एका प्रकरणात मी साक्षीदाराला हिशेबाची वही दाखवली, पानापानावर प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली, जज्जने ऐकली. वही पुराव्यात दाखल करून घ्या, एवढं वाक्य बोलायचं राहिलं. सातारच्या भाषेत, निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडली नाही. अपिलात आम्ही त्या वहीचं पान जोडलं. ट्रान्सक्रिप्टमध्ये ‘हे पान पहा’, ‘हो, अक्षर माझंच’ एवढंच होतं, पानावर काय होतं ते नव्हतं. तिघांपैकी एका न्यायाधीशाने विचारलं, ‘वकीलसाहेब, ही वही आमच्यापर्यंत कोणत्या वाटेने आली?’ मला उत्तर नव्हतं. वरच्या कोर्टाला खालच्या रेकॉर्डच्या बाहेरचं काही दिसत नाही, हे नियम म्हणून मला पाठ होतं. त्या दिवशी ते समजलं.

तुम्ही ज्या व्हॉट्सॲप मेसेजबद्दल लिहिलंय, जावयाचा ‘बाबा, दोन वर्षांत जमवतो’ हा, त्याचंही यामुळेच अवघड आहे. तो खटल्यात आलाच नाही. आता अपिलात जोडता येणार नाही. निकालानंतर सापडलेल्या पुराव्यासाठी त्याच जज्जकडे अर्ज करता येतो, एका वर्षाच्या आत आणि वाजवी वेळात. पण अट ही की नेटाने शोधूनही तो आधी मिळण्यासारखा नव्हता. तो मेसेज सहा वर्षं तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये होता. ‘मला विचारलंच नाही कोणी’ हे खरं असेल, पण कोर्टाला ते चालत नाही. आणि ‘जमवतो’ म्हणजे काय जमवतो, यावर समोरचा वकील अर्धा तास घेईल.

आता स्टेट सुप्रीम कोर्ट. तुमची समजूत अशी दिसते की मधल्या कोर्टात हरलो तर पुढची पायरी आपोआप मिळते. न्यू जर्सीचं सुप्रीम कोर्ट ट्रेंटनला बसतं, सात न्यायाधीश, आणि आपल्या पुढ्यात काय घ्यायचं ते बहुतांशी तेच ठरवतं. अर्जाला ‘पिटिशन फॉर सर्टिफिकेशन’ म्हणतात. अपील कोर्टाच्या निकालापासून २० दिवसांत नोटीस द्यायची, मग अर्ज. सातांपैकी किमान तिघांनी हो म्हटलं तरच प्रकरण आत. कारणं नियमातच दिलेली आहेत: अजून न सुटलेला सार्वजनिक महत्त्वाचा प्रश्न, अपील कोर्टाच्या दोन पीठांचे परस्परविरोधी निकाल, अशा तऱ्हेची. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे त्यातलं मुख्य कारण नाही. ऐकायला क्रूर वाटतं. पण या कोर्टाचं काम एक वाद निस्तरणं हे नाही. पुढच्या हजार वादांसाठी नियम घालून देणं हे आहे, आणि तुमचा वाद त्यासाठी योग्य वाहन आहे की नाही एवढंच ते पाहतं. गिफ्ट लेटरचा अर्थ वाटणीच्या कायद्यात कसा लावायचा यावर अपील कोर्टात दुमत असेल तर तुमचं प्रकरण तसं वाहन होऊ शकतं. आज ते तसं दिसत नाही.

हक्काने वर जायची एक वाट मात्र आहे. अपील कोर्टाच्या पीठात एका न्यायाधीशाने असहमती लिहिली, तर त्या असहमतीच्या मुद्द्यापुरतं सुप्रीम कोर्टात हक्काने जाता येतं. म्हणून तिथले वकील हरलेला निकाल हातात आला की आधी शेवटचं पान उलटतात, कोणी असहमत आहे का ते बघायला. मीही तेच करतो.

राज्याचं सुप्रीम कोर्ट किती मोठं काम करू शकतं हे बघायचं तर २०१३ चा ‘अर्ल्स’ निकाल घ्या. मोबाईलवरून माणूस कुठे आहे हे पोलिसांना कळून घ्यायचं तर वॉरंट लागेल, असं न्यू जर्सीने आपल्या राज्याच्या राज्यघटनेच्या आधारे ठरवलं. वॉशिंग्टनचं कोर्ट त्या दिशेने आलं ते २०१८ मध्ये, ‘कार्पेंटर’ प्रकरणात. पन्नास राज्यं, पन्नास राज्यघटना, आणि प्रत्येकीचा शेवटचा अर्थ लावणारं कोर्ट त्या राज्याचं. आपल्याकडे याला जोड नाही. आपलं हायकोर्ट कितीही मोठं असलं तरी त्याच्या वर एकच सुप्रीम कोर्ट आहे आणि ते राज्याच्या कायद्यातही हात घालू शकतं.

वॉशिंग्टन तसं घालू शकत नाही. १८७५ पासून, ‘मर्डॉक’ निकालापासून, राज्याच्या कायद्याचा प्रश्न अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट तपासत नाही. तुमच्या प्रकरणात फेडरल कायद्याचा किंवा देशाच्या राज्यघटनेचा मुद्दा असेल तरच ९० दिवसांत तिथे अर्ज. तोही नऊपैकी चौघांना घ्यावासा वाटला तर. आणि राज्याच्या कोर्टाने निकाल स्पष्टपणे राज्याच्याच कायद्यावर उभा केला असेल, तर फेडरल मुद्दा शेजारी असूनही वॉशिंग्टन हात लावत नाही. १९८३ मध्ये ‘मिशिगन विरुद्ध लाँग’ प्रकरणात एवढंच सांगितलं गेलं की तो आधार स्पष्ट दिसला पाहिजे. घर, भेट, घटस्फोट, वाटणी: हे सगळं न्यू जर्सीचं. तुमच्यासाठी वॉशिंग्टन नाही. तिकिटाचा विचारही नको.

जाता जाता, तुमच्या पुतण्याने न्यूयॉर्कच्या ‘सुप्रीम कोर्टा’त पहिल्याच फेरीत दावा लावल्याचं तुम्ही लिहिलंय आणि त्याचं कौतुक वाटल्याचंही. न्यूयॉर्कमध्ये सुप्रीम कोर्ट हे खालचं, दावे चालवणारं कोर्ट असतं. सगळ्यात वरचं ते कोर्ट ऑफ अपील्स. टेक्सासमध्ये वरची कोर्टं दोन आहेत, दिवाणीचं एक आणि फौजदारीचं एक. मेरीलँडने २०२२ मध्ये मतदान घेऊन आपल्या वरच्या कोर्टाचं नाव बदलून सुप्रीम कोर्ट केलं, लोकांचा फार गोंधळ होतो म्हणून. पुतण्याला शुभेच्छा, पण तो अजून पहिल्याच पायरीवर आहे.

या आठवड्यात मुलीने तीन गोष्टी कराव्यात. अपिलाचं काम करणारा वकील गाठावा, खटला चालवणाराच असला पाहिजे असं नाही. उलट ज्याने खटला चालवला त्याला आपले न उठवलेले मुद्दे दिसत नाहीत. ट्रान्सक्रिप्टची मागणी नोंदवावी, त्याला वेळ लागतो. विक्री लवकर होणार असेल तर स्थगितीचा विचार लगेच करावा. खर्चाचा हिशेबही मांडावा: वादातली रक्कम ४० लाखांची असली तरी जावयाच्या वाट्याला त्यातले निम्मेच गेले आहेत, आणि अपिलाची फी त्या निम्म्यातून वजा होते.

आणि तुम्ही दोन कागद शोधून मला नाही, तिच्या वकिलाला पाठवा. पहिला गिफ्ट लेटर. त्यात घेणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव आहे की दोन, ते पहा. फक्त मुलीचं असेल तर तुमच्या विरोधात गेलेला तोच कागद तुमच्या बाजूने बोलायला लागतो. दोघांची नावं असतील तर हा सगळा मुद्दा तिथेच संपला, अपिलाचे पैसे वाचवा. दुसरा, खटल्याच्या शेवटी तिच्या वकिलाने दिलेलं लेखी म्हणणं. त्यात ‘कर्ज नाही असं कोर्टाचं मत झाल्यास’ अशी सुरुवात असलेला परिच्छेद कुठे आहे का, ते तिला वाचून घ्यायला सांगा. बहुधा शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतो, असला तर.